दुसऱ्या बाजूचा केदार

फोन आला तेव्हा मी बारावीच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत बसले होते. सकाळचे नऊ वाजले असतील. नंबर ओळखीचा नव्हता.

"म्याडम, मी अर्धापूरहून बोलून राहिलो. पेपरात गाण्याच्या रेकॉर्डींवर लिहिता त्या तुम्हीच ना?"

मी हो म्हटलं.

"माझी केळीची बाग हाय. तुमचं लिवलेलं मी कापून ठेवतो. एक विचारायचं होतं. ती केदार रागाची रेकॉर्ड तुमच्याकडं हाय ना, ती मला एकदा ऐकायला भेटंल का? घरी येऊन ऐकतो. नेत न्हाई."

"तुमच्याकडे नाहीये का ती?"

"हाय की. दोन हायेत. पण दोन्हींत खोट निघाली. दुसऱ्या बाजूला मधीच गाणं तुटतं. तुम्ही तर लिवलं की कुठं खंड पडत न्हाई. म्हणून म्हटलं, चांगली रेकॉर्ड कशी वाजते ते एकदा कानानं ऐकावं."

मी हातातलं लाल पेन खाली ठेवलं. काय झालं होतं ते मला लगेच कळलं, आणि त्या माणसाला ते कळायच्या आत मी म्हणाले, "माझं मशीन दुरुस्तीला दिलंय हो."

"कवा येईल?"

"आठ-पंधरा दिवस लागतील."

"चालंल," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मशीन माझ्यासमोरच होतं, खिडकीखालच्या टेबलावर, वर पांढरं कापड टाकलेलं. आदल्याच संध्याकाळी मी त्यावर एक सतारीची तबकडी ऐकली होती.

हे सदर माझ्याकडे आलं ते योगायोगानं. मी नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. माझा एक जुना विद्यार्थी इथल्या एका दैनिकात लागला आणि रविवारची पुरवणी त्याच्याकडे आली. एकदा तो पेढे घेऊन घरी आला असताना त्यानं माझं लोखंडी कपाट उघडं पाहिलं. त्यात कपडे नव्हते. चारही खणांत रेकॉर्डी उभ्या लावलेल्या होत्या आणि तळाच्या ड्रॉवरमध्ये सीडी. त्यानं थोडा वेळ कव्हरं चाळली आणि म्हणाला, "मॅडम, दर आठवड्याला एक. काय ऐकायचं आणि का ऐकायचं, एवढंच लिहा." मला वाटलं, कोण वाचणार आहे? म्हणून मी हो म्हटलं.

माझं माहेर लातूरचं. लग्नाआधी चार वर्षं मी तिथं एका बाईंकडे गाणं शिकत होते. माझा गळा बेताचाच होता. बाईंनी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण मला कळत होतं. कान मात्र चांगला आहे असं त्या म्हणायच्या. लग्न होऊन नांदेडला आले, नोकरी लागली, आणि गाणं सुटलं ते सुटलंच. पुढं बऱ्याच वर्षांनी एका शनिवारी आम्ही नवरा-बायको नातेवाइकांकडे हैदराबादला गेलो होतो. रविवारी सकाळी तिथल्या फुटपाथवर जुना बाजार भरतो. गंजलेले पंखे, बंद घड्याळं, कपबशा यांच्यामध्ये एका म्हाताऱ्यानं रेकॉर्डींचा गठ्ठा सुतळीनं बांधून ठेवला होता. "पूरा गठ्ठा लेव बेटी, एक-एक नहीं देता," असं तो म्हणाला. घरात मशीन नसताना मी तो गठ्ठा घेतला. नवऱ्यानं फक्त विचारलं, "यावर काय जेवायचंय का आपण?" आणि गठ्ठा स्वतःच उचलून गाडीपर्यंत आणला.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी माझी हैदराबादची फेरी ठरलेली. त्या काळात लोक रेकॉर्डी रद्दीत घालत होते. आता तरुण मुलं पुन्हा त्यांच्या मागं लागली आहेत आणि जुन्या बाजारातही भाव सांगताना विक्रेते आधी चेहरा बघतात. ते असो. नांदेडच्या उन्हाळ्यात या तबकड्या सांभाळणं हे खरं काम. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत आडवी ठेवली तर रेकॉर्डला पापडासारख्या लाटा येतात. मी कपाट उत्तरेकडच्या खोलीत ठेवलं आहे आणि मे महिन्यात त्या खोलीतला कूलर आधी रेकॉर्डींसाठी चालतो, मग माणसांसाठी.

केदाराची ती रेकॉर्ड माझ्या हाती आली तीच मुळी वाकलेली. एका छोट्या कंपनीनं काढलेली, एका फारशा न गाजलेल्या गवयाची. कुणाच्या तरी घरच्या बैठकीत केलेलं ध्वनिमुद्रण, त्याच्या मृत्यूनंतर बाजारात आलेलं. पहिल्या बाजूला यमन. तो मी कितीतरी वेळा ऐकला होता आणि तो खरोखर सुंदर आहे. दुसऱ्या बाजूला केदार. त्या बाजूची लाट अशी की चार-पाच मिनिटांनंतर सुई उडायची आणि थेट शेवटच्या घेरात जाऊन पडायची. म्हणजे केदाराची सुरुवात मला ठाऊक होती, आणि शेवट. मधलं मी कधीच ऐकलं नव्हतं.

त्या आठवड्यात बोर्डाच्या परीक्षेचं काम होतं. मजकूर गुरुवारपर्यंत द्यायचा असे. बुधवारी रात्रीचा स्वयंपाक आटोपून मी यमनावर मनापासून लिहिलं. मग केदारापाशी आले. कव्हरच्या मागं इंग्रजीत चार ओळी होत्या, त्यांवरून मी लिहून टाकलं: दुसऱ्या बाजूचा केदार एका बैठकीत ऐकावा, त्यात कुठेही खंड पडत नाही, स्वर शांत पाण्यासारखे पसरत जातात. वाक्य मला आवडलंही होतं. छापून आल्यावर मी ते पुन्हा वाचलं होतं.

आणि अर्धापूरच्या एका माणसानं या वाक्यावर विश्वास ठेवून दोन रेकॉर्डी विकत घेतल्या होत्या.

बरोबर पंधराव्या दिवशी त्याचा फोन आला. "आलं का मशीन?"

"नाही ना अजून," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"मग असं करा म्याडम, तुम्हीच आमच्याकडं या. माझं मशीन चालू हाय. तुमची रेकॉर्ड तेवढी घेऊन या. आयतवारी या, जेवायलाच या. बसनं आलात तर स्टँडवर घ्यायला येतो."

नवरा पेपर वाचत होता. फोन ठेवल्यावर त्यानं पेपर खाली केला. "कुठलं मशीन दुरुस्तीला गेलंय?" मी त्याला सगळं सांगितलं. त्याला गाण्यातलं काही कळत नाही आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नाही. तो म्हणाला, "जा आणि सांगून टाक. फोनवर नको सांगू. तो माणूस दोनदा विचारतोय, त्याच्यासमोर बसून सांग."

रविवारी मी रेकॉर्ड दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून एसटीत बसले. अर्धापूर नांदेडहून जवळच आहे. गाव जवळ आलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी सुरू होतात. स्टँडवर तो मोटारसायकल घेऊन उभा होता. साठीच्या आसपासचा, सडपातळ, पांढरा सदरा, बोटांवर केळीच्या चिकाचे काळपट डाग. त्यानं माझ्या हातातलं पुडकं घेतलं नाही. "तुम्हीच धरा, माझ्याकडून वाकलं-बिकलं तर," असं म्हणाला. ते ऐकून मला जास्तच अवघडल्यासारखं झालं.

घर बागेला लागूनच होतं. पुढच्या खोलीत देवळीशेजारी मशीन होतं, पेटीसारखं, झाकण उघडलं की वाजणारं. पुण्याला असलेल्या मुलीनं ते दिलं होतं. आधी ती मोबाईलवरच गाणी लावून द्यायची, पण त्याला ते नको असे. "मोबाईलवर गाणं संपलं की लगेच दुसरं चालू होतं," तो म्हणाला. "हे थांबतं. उठून बाजू पलटावी लागते. मग माणूस लक्ष देऊन ऐकतो."

त्याच्या बायकोनं पाणी आणलं. मी पाण्याचा पेला हातात धरूनच म्हणाले, "भाऊ, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. माझं मशीन बिघडलेलं नव्हतं. माझी ही रेकॉर्ड वाकलेली आहे. दुसऱ्या बाजूवर सुई मधेच उडते. मी तो केदार पूर्ण कधी ऐकलेलाच नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "मग लिवलं कशावरून?"

"कव्हरवरून."

बाहेर बागेला पाणी देणारी मोटर चालू होती, तिचा आवाज येत होता. मग त्याची बायको म्हणाली, "यांनी चारदा मशीन खोललं, ताई. पिन बदलून आणली नांदेडहून. एक रेकॉर्ड खराब असंल म्हणून दुसरी मागवली."

"र्‍हाऊ दे," तो तिला म्हणाला. पण त्याला लागलं होतं. पुढं तो माझ्याकडे न बघता, मशीनच्या झाकणावरून हात फिरवत बोलला. "दोन म्हैने मी माझ्याच कानाला नावं ठेवून राहिलो. म्हटलं, पेपरात छापून आलंय म्हणजे आपलंच कायतरी चुकत असंल."

"चूक माझी होती," मी म्हणाले. "तुमच्या कानाची नाही."

मी उठून जावं की बसावं ते मला कळेना. शेवटी त्यानंच कपाटावरून त्याची एक रेकॉर्ड काढली, कडा दोन तळव्यांत धरून, लेबलला बोट न लावता. हे त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. कदाचित माझ्याच एखाद्या लेखात त्यानं वाचलं असेल.

"आता आलाच आहात तर ऐकून जा," तो म्हणाला.

केदाराची सुरुवात माझ्या ओळखीची होती. मग ती जागा आली जिथं माझी सुई उडायची, आणि तिच्यापुढचं सगळं माझ्यासाठी नवं होतं. गवई वय झालेला होता, आवाजात थोडी खरखर होती. मध्यमावर तो इतका ठामपणे उभा राहिला की मी पेला खाली ठेवला. तो वर सरकायला लागला, तार षड्जाच्या अलीकडं पोहोचला, आणि तिथं त्याला ठसका लागला. साधा, घरगुती ठसका. एकदा, दोनदा, मग तिसऱ्यांदा जोरात. गाणं थांबलं. पेटी एक स्वर धरून राहिली. मागं कुणीतरी हळूच काही विचारलं, भांड्याचा आवाज झाला, तो पाणी प्याला असावा.

"आता बघा," तो शेतकरी हळू आवाजात म्हणाला. "तबलेवाला थांबला न्हाई."

खरंच थांबला नव्हता. ठेका चालूच होता, इतका हलका की बोटं कातड्याला जेमतेम लागत असतील. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. म्हाताऱ्याला घाई होऊ नये अशा बेतानं तो तबला वाजत होता.

"गडी वाट बघून राहिला," तो म्हणाला. "लई येळा ऐकलं तवा आत्ता कुठं ध्यानात आलं. आधी मलाबी तो ठसका मशीनची खोटच वाटायचा."

तिसऱ्या आवर्तनाच्या समेला गवई पुन्हा आला. आता तो वर गेलाच नाही. खाली मंद्रात, जवळजवळ बोलल्यासारखा, त्यानं केदार पुन्हा पहिल्यापासून मांडला. वर पोहोचता येणार नाही हे त्याला कळलेलं होतं आणि ते त्यानं लपवलं नव्हतं. शेवटच्या सहा-सात मिनिटांत जे गाणं झालं त्याच्याबद्दल लिहायला मी आजही धजत नाही. सुई शेवटच्या घेरात गेली तेव्हा तिघंही आम्ही तसेच बसून होतो. मग तो झटकन उठला. "पाणी तुटलं," असं म्हणून बाहेर गेला. मला मोटरच्या आवाजातला फरक ऐकूही आला नव्हता.

जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि केळ्याची कोशिंबीर होती. तो पुन्हा नेहमीसारखा बोलायला लागला होता, पण त्याच्या तोंडी मी त्या दिवशी 'म्याडम'च राहिले, 'ताई' झाले नाही. निघताना माझ्या मनात एक गोष्ट येऊन गेली, ती सांगायला लाज वाटते. त्याच्याकडे दोन होत्या. त्यातली एक तो मला देईल का, असं मला वाटून गेलं.

सोमवारी मी माझ्या विद्यार्थ्याला, म्हणजे पुरवणीच्या संपादकाला, फोन केला. या रविवारी सदरात चुकीची कबुली छापायची आहे, असं सांगितलं.

"मॅडम, तो लेख येऊन चार महिने झाले. कुणाच्या लक्षात आहे?"

"एकाच्या आहे."

"एकासाठी अख्खं सदर?"

"त्यानं एका लेखासाठी दोन रेकॉर्डी घेतल्या रे."

तो हसला आणि हो म्हणाला. मी सगळं सरळ लिहिलं. रेकॉर्ड वाकलेली होती, दुसरी बाजू पूर्ण ऐकली नव्हती, कव्हर वाचून लिहिलं, आणि फोनवर दोनदा खोटं बोलले. मग एका वाचकाच्या घरी ती बाजू ऐकली त्याबद्दल लिहिलं, ठसक्याबद्दल आणि त्या तबल्याबद्दल. तबल्याचं निरीक्षण माझं नाही, हेही लिहिलं. त्याचं गाव किंवा नाव त्याला विचारल्याशिवाय घालायचं नाही म्हणून घातलं नाही.

स्टाफरूममध्ये दोन दिवस थोडी थट्टा झाली. एका सहकाऱ्यानं विचारलं, "मग फिजिक्सची पुस्तकंही कव्हर वाचूनच शिकवता का?" मी त्याच्याबरोबर हसले, पण घरी येऊन कपाट उघडलं आणि आजवर शिफारस केलेल्या सगळ्या रेकॉर्डी बाहेर काढल्या. आणखी तीन अशा निघाल्या ज्यांची एखादी बाजू मी घाईत ऐकली होती. त्या मी ओळीनं ऐकल्या. दोन ठीक होत्या. तिसरीबद्दल मी जास्तच चांगलं लिहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात दारावर टकटक झाली. अर्धापूरचा तो माणूस केळीचा एक घड खांद्यावर घेऊन उभा होता. दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकोनी वस्तू.

"ताई, ही ठेवा," तो म्हणाला. "दोन घेऊन काय करू मी?"

मी नको म्हटलं, पण फार जोर लावून म्हटलं नाही. तो आत आला, माझं मशीन बघितलं, कापड उचलून सुई तपासली. "चांगलंच हाय की मशीन," असं म्हणाला आणि मग आम्ही दोघंही हसलो. मागच्या सगळ्याचा उल्लेख त्यानंतर त्यानं कधी केला नाही.

त्या लेखावर तीन पत्रं आली. दोन साधी होती. तिसरं लातूरहून, एका सरकी-पेंडीच्या व्यापाऱ्याचं. त्यांच्या दुकानाच्या माडीवर दर रविवारी सकाळी सात-आठ जण जमून जुन्या रेकॉर्डी ऐकतात आणि त्यांच्याकडेही हीच रेकॉर्ड आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. एकदा येऊन आमच्याबरोबर ऐका, असा आग्रह होता. मी अर्धापूरला फोन केला. "लातूरला येता का?"

"मी काय बोलणार तिथं?"

"बोलायचं नाही. ऐकायचं."

एका बागायतदार मित्राची गाडी घेऊन तो आला. तो, मी आणि नवरा असे तिघं निघालो; नवऱ्याला लातूरला माझ्या भावाकडे जायचं होतं. चाकूरला चहाला थांबलो. रस्त्याच्या कडेच्या हॉटेलात रेडिओवर भजन लागलं होतं. तो शेतकरी चहा पिताना म्हणाला, "पेटी अर्ध्या सुरानं खाली हाय." मी कान दिला. त्याचं बरोबर होतं.

व्यापारी सत्तरीचे होते, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग. "शरणार्थ, ताई. या," म्हणत त्यांनी आम्हाला माडीवर नेलं. खाली पेंडीचा वास होता तो वरपर्यंत येत होता. सतरंजीवर सात माणसं आणि एक बाई बसली होती. मशीन जुनं, लाकडी, मोठ्या स्पीकरचं. त्यांनी दुसरी बाजू लावली. गाणं सुरू झालं आणि गवई तार षड्जाकडे चढायला लागला तसा व्यापाऱ्यांचा हात आपोआप सुईकडे गेला.

"काय करता?" शेतकऱ्यानं विचारलं.

"इथं ठसका हाय. आम्ही इथनं उचलून पुढं ठेवायलाव. सवयच हाय आमची."

"ऱ्हाऊ द्या की. उचलू नका."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो संकोचला, पण मागं हटला नाही. "तबला ऐका," एवढंच म्हणाला.

व्यापाऱ्यांनी हात मागं घेतला. ठसका आला, पाण्याचं भांडं वाजलं, ठेका हलका झाला. मी कुणाच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, डोळे सतरंजीवरच ठेवले. म्हातारा मंद्रात परत आला तेव्हा त्या बाईंनी नुसतं "हं" केलं. बाजू संपल्यावर व्यापारी बराच वेळ लेबलकडे बघत बसले.

"सुई कुठं ठेवायचो आपण?" त्यांनी शेजाऱ्याला विचारलं.

"शेवटी शेवटी. तान सुरू होते तिथं."

"म्हणजे हे सगळंच आम्ही टाकून देयलाव इतकी वर्षं," ते म्हणाले. मग त्यांनी शेतकऱ्याला विचारलं, "तुम्ही गाणं शिकलाव का?"

"न्हाई. केळी लावतो."

चिवडा आणि चहा झाला. निघताना दोघांनी त्याचा फोन नंबर घेतला. माझा कुणी मागितला नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. थोडं वाटलं, पण ते परतताना वाटेत ओसरलं.

सदर त्यानंतर वर्षभर चाललं. मी संपादकाला सांगून ते आठवड्याऐवजी महिन्याला एक केलं, कारण दोन्ही बाजू तीन-तीनदा ऐकल्याशिवाय मला लिहवेना. पुढं कागद महागला आणि पुरवणीच बंद झाली. रेकॉर्डी मात्र येत राहतात. हैदराबादच्या बाजारात काही हाती लागलं की मी अर्धापूरला कळवते, आणि लातूरचे व्यापारी त्यांच्याकडच्या दुहेरी प्रती पेंडीच्या टेम्पोतून पाठवतात. गेल्या महिन्यात त्यांनी सरोदाची एक जुनी सीडी पाठवली. ती मी आधी शेतकऱ्याकडे दिली आणि आठवड्यानं विचारलं, "कशी आहे? घ्यावी का लोकांनी?"

"दोनदा झाली ऐकून," तो म्हणाला. "अजून दोनदा ऐकतो, मग सांगतो."